पोचपावती

देवासला आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत राहणारा भाडेकरू औद्योगिक क्षेत्रात कामाला होता. त्याचा पगार थकला की आमचं भाडं थकायचं. "काकीजी, अगले महीने पक्का," एवढ्यावर आई गप्प बसायची. मग एकदा मागच्या खोलीत तीन अनोळखी पोरं राहताना दिसली. तो त्यांच्याकडून दरमहा पैसे घ्यायचा. आई म्हणाली, "नळ तोडते आता. तू वकील बघ."

नळ तोडायचा नाही, हे वकिलांनी पहिल्याच भेटीत बजावलं. पाणी-वीज बंद करणाऱ्या घरमालकावरच कारवाई होते. मग त्यांनी हिशेबाची वही मागितली. मध्य प्रदेशातल्या 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्यानुसार थकबाकीसाठी घर मागायचं, तर आधी मागणीची नोटीस लागते. ती पोचल्यापासून भाडेकरूला दोन महिने मिळतात आणि तेवढ्यात त्याने सगळी वसूलपात्र रक्कम भरली की त्या कारणावर दावा टिकत नाही. तीन वर्षांपलीकडची बाकी वकिलांनी सरळ खोडली.

"म्हणजे दया दाखवली त्याचा दंड आम्हालाच?" आईने विचारलं. वकील बेरीज करत राहिले.

पोटभाडेकरूंना आमची लेखी संमती नव्हती. ते स्वतंत्र कारण होतं, पण 'पाहुणे आहेत' म्हणायला पैसे पडत नाहीत. "खोलीची किल्ली कोणाकडे असते ते बघा," वकील म्हणाले. ताबा पूर्णपणे त्या पोरांकडे आहे का, सगळा खटला त्यावर उभा राहणार होता. त्यानंतर आई जिन्यात बसून भाजी निवडू लागली.

धारच्या मामींचं प्रकरण त्याच सुमाराचं. त्यांना मुलासाठी दुकान परत हवं होतं. विधवा घरमालकिणीला अशा खऱ्या गरजेसाठी थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आईही विधवाच, म्हणून मी तो रस्ता विचारला. पण आमची तक्रार थकबाकीची आणि पोटभाड्याची, तिला दिवाणी न्यायालयच.

नोटीस हिंदीत गेली, रजिस्टर्ड पोस्टाने. मी सुचवलेलं एकही जळजळीत वाक्य तिच्यात नव्हतं. महिने, रकमा, आणि कोण कधीपासून राहतंय, एवढंच. एकाच घरात वर-खाली राहणाऱ्यांमध्ये पोस्टमन आला, हे मला तरी विचित्रच वाटलं. पोचपावतीवर भाडेकरूच्या बायकोची सही होती. संध्याकाळी तो पाकीट घेऊन वर आला. "काकीजी, चिट्ठी क्यों भेजी? बोल देतीं।"

"बोल तो रही थी," आई म्हणाली.

पोरं आठवडाभरात गेली. पैसे हप्त्याहप्त्याने आले, शेवटचा हप्ता मुदत संपायच्या जरा आधी. वकिलांच्या मते आता दावा लावण्यात अर्थ नव्हता. त्यापेक्षा त्यांनी अकरा महिन्यांचा नवा किरायानामा करून घेतला. भाडं थोडं वाढवलं, पोटभाडेकरू ठेवणार नाही हे लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात भाडं देताना भाडेकरूनेच आईकडे पावती मागितली, आणि ती कार्बन पेपर शोधायला आत गेली.