साचलेले पाणी

वाहते पाणी तेवढे निर्मळ, ही शिकवण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो. मी ती जरा अधिकच मनावर घेतली. गाव सोडले आणि वाहतच राहिलो. अक्का मात्र आईच्या आजारपणात शाळेतली नोकरी सोडून गावी राहिली, ती कायमची. एकदा मी तिला बोलून गेलो, "तुझं आयुष्य म्हणजे साचलेलं पाणी झालं, अक्का!" ती काही बोलली नाही. चहा ठेवायला उठून आत गेली.

यंदा जुलैत मुलाकडे, कॅनडात सास्काटूनला होतो. सस्कॅचेवान प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. वस्ती मात्र २०२१ च्या शिरगणतीत अवघी ११ लाख ३२ हजार! नाव पडले नदीवरून. क्री लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ 'वेगाने वाहणारी नदी'. रॉकी पर्वताचे बर्फपाणी घेऊन ती येते. १९६७ मध्ये तिच्यावर गार्डिनर धरण पुरे झाले. मला वाटले, या मुलखाचे सारे वैभव हिचेच.

मुलाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आम्हांला शेत दाखवायला नेले. मैलामैलावर एकमेकांना छेदणारे सरळ रस्ते, गहू, कनोलाची पिवळी फुले. आणि मधूनमधून रांगोळीच्या ठिपक्यांसारखी डबकी.

"हे पाणी जातं कुठं?" मी विचारले.

"कुठंच नाही," तो हसून म्हणाला.

हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा मातीत पुरलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वितळून हे खळगे झाले. वसंतात वितळणारे बर्फ त्यांत साठते, सावकाश जमिनीत मुरते. काठच्या गवतात बदके पिले वाढवतात. पेरणीयंत्र सरळ चालावे म्हणून पुष्कळांनी चर खणून ही डबकी रिकामी केली.

"एक मीही केलं होतं," तो म्हणाला. "पुढच्या वसंतात ते पाणी खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात शिरलं. मग मीच चर बुजवला."

रात्री अक्काला फोन लावला. गावी सकाळ होती.

"ते साचलेल्या पाण्याचं मी बोललो होतो ना..."

"कधी रे?" ती म्हणाली. पण त्याआधी ती क्षणभर थांबली होती. विसरली नव्हती.

"यंदा भाऊबीजेला येतो," मी म्हटले.

"ये. पण चार दिवस राहा हं. आलास आणि निघालास, असं नको."