पिठाची विरी

चुलीशी माझा संबंध चहापुरता. तोही घरात दुसरं कुणी नसलं तर. दहावी झालो, औत धरलं, ते पुढं चाळीस वर्षं सुटलं नाही. मंगळवेढ्याकडची काळी रानं, त्यात मालदांडी ज्वारी. पेरायची, राखायची, काढायची, मळायची, पोत्यात भरायची, एवढं मला येत होतं. पोत्यातनं पुढं ती ताटात कशी येते, ते साठी ओलांडल्यावर बघायची वेळ आली.

त्या साली दिवाळीच्या तोंडाला मालकीण न्हाणीमागच्या शेवाळावर घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. काढल्यावर कळलं, हाड जरा वाकडं जुळलंय. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं बरंच आहे. दिसायला हात बरा होता. भाजी निवडता यायची, ताटं विसळता यायची, पण भाकरी थापता येईना. भाकरीला सगळा जोर लागतो तळहाताच्या टाचेचा, अन् नेमका तिथंच जोर उरला नव्हता.

थोरला पुण्याला, सून नोकरीवर, धाकटी तिच्या घरी नांदतीय. शेजारची एक बाई येऊन भाकरी टाकून जायची. भाकरी चांगली असायची, मी दोन खायचो. मालकीण चतकोर तोडायची, कालवणात बुडवायची आणि ताट सारायची. मला वाटलं, औषधानं भूक मेली असंल. एका रात्री तहान लागली म्हणून उठलो, तर ही सैपाकघरात दिवा न लावता काठवटीपुढं बसलेली. डाव्या हातानं थापायचं बघत होती. गोळा एकाच अंगाला सरकत होता. तिचा हुंदका ऐकला आणि मी पाणी न पिताच मागं फिरलो. अंथरुणात पडून झोपल्याचं सोंग घेतलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत ती भाकरीला कधी बसली, कधी उठली, हे मी बघितलंच नव्हतं. ताट पुढं आलं की खायचं, एवढंच.

सकाळी म्हणालो, "मला शिकीव."

"आवं, काय तरीच. भावकी हसंल."

"दार लावून घिऊ की."

आणि खरंच दार लावूनच शिकलो. ती पाटावर बसून सांगायची, मी काठवटीपुढं. पहिल्या दिवशी पीठ सैल झालं म्हणून पीठ टाकलं, मग घट्ट झालं म्हणून पाणी टाकलं. दोघांना पुरायचं पीठ आठ माणसांचं झालं. थापली तर उचलताना मधनं फाटायची. फाटली नाही तर तव्यावर पडताना दुमडायची. म्हशीला तो पंधरवडा फार चांगला गेला.

आपण शेतकरी म्हणून मिरवतो, पण पिठाची विरी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. ज्वारीचं पीठ ताजं असलं की मळताना त्याला एक धर असतो, गोळा एकजीव राहतो, थापताना कड चिरत नाही. ती विरी. दळून दिवस झाले की ती जाते. मग कितीही रगडा, पीठ वाळूसारखं सुटतं. त्यावर तोड म्हणजे आधणाचं पाणी. उकळतं पाणी पिठात घालायचं, जरा निवू द्यायचं आणि मग मळायचं. पण मालकिणीच्या मते ते गरजवंताचं काम. ती आठवड्याला पायलीभरच दळून आणायची. मी तिला कायम बोलायचो, एकदाच दळून आण की, गिरणीच्या खेपा कशाला? आता पीठ संपत आलं की मीच डबा घेऊन जातो. गिरणीवाला पहिल्यांदा विचारायचा, "वैनी बऱ्या न्हाईत का?" हल्ली विचारत नाही.

काठवटीपुढं बसलो की आई आठवते. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. आई-आबा खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आणायची. रेशनला मिलो यायचा, अमेरिकेची तांबडी ज्वारी. त्याची भाकरी कशी लागायची ते सांगत नाही, खाल्लेल्यांना माहीत आहे. पण थापताना ती चिरायची आणि आई ओल्या बोटानं चिरा सांधत बसायची, हे मला आता आठवतं. तेव्हा मी चुलीपुढं बसून नुसतं "लवकर दे" म्हणायचो.

भाकरी जमायला दोन महिने गेले. तव्यावर पडली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या जरा आधी उलटायची. आधी उलटली तर चिकटते, उशीर झाला तर भेगाळते. खालची बाजू शेकली की तवा उतरून आरापुढं उभी करायची. पहिली भाकरी टम्म फुगली त्या दिवशी मी, खोटं कशाला सांगू, ती तशीच धरून बाहेर ओट्यावर आलो होतो. मग भावकी आठवली आणि आत पळालो.

भाजीचं मात्र मी वाटोळं केलं. न्हाणीच्या पाण्यावर मालकिणीची परसबाग होती. अळू, दोडका, मिरच्या, एक शेवगा आणि वांग्याची सात-आठ झाडं. रान करणाऱ्या माणसाला असल्या वाफ्याचं काय कौतुक? बायकांचं खूळ म्हणायचो. आता बघायला कुणी नाही म्हणून मीच हातात घेतला आणि शेतकऱ्यागत मूठभर युरिया फेकला. अळू दोन दिवसांत करपलं. वांग्याचे शेंडे माना टाकायला लागले तसा मी पंप काढला. मालकीण दारातनं ओरडली, "खाताना आपणच खायची हायती न्हवं ती!" मग सांगितलं, माना टाकलेला शेंडा खाली जरा चांगल्या भागापासनं मोडायचा, अळी आतच असते, खड्ड्यात पुरायचा. रोज सकाळी दात घासताना तेवढंच करायचं. ती वीस वर्षं तेच करत होती. मला वाटायचं, उगं वाफ्यात घुटमळतीय.

त्या वांग्यांचं बी तिच्या माहेरचं, कृष्णाकाठचं. पांढरट हिरवी, देठाला काटे. दरवर्षी एका झाडावरचं एक वांगं ती चिंधी बांधून राखायची, पिवळं पडेस्तोवर. मग बी धुऊन, राखेत घोळून डब्यात. त्या वर्षी चिंधी मीच सोडली. मोठं वांगं दिसलं, चिरलं, कालवण केलं. खाताना नुसतं बी कचकच. ती पहिला घास तोंडात घेऊन थांबली.

"ही चिंधीचं वांगं हुतं का?"

मी मान हलवली. ती काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं तोडीच्या नादात दुसरं राखायचंही राहिलं आणि झाडं उन्हाळ्यात गेली. माहेरी फोन केला, भावजय म्हणाली, "आता रोपंच विकत आणतो." उतरंडीच्या मागं एका डबड्यात तीन वर्षांपूर्वीचं चिमूटभर बी सापडलं. मिरगाला टाकलं. अकरा रोपं आली. त्या अकरा रोपांना मी जेवढं राखलं तेवढं कधी आठ एकरांना राखलं नसंल.

त्याच साली गणपतीला पुण्याला गेलो. थोरल्यानं एका हॉटेलात नेलं. गावरान थाळी, भिंतीला बैलगाडीचं चाक टांगलेलं. हॉटेलात भाकरी मी पूर्वी एकदाच खाल्ली होती, १९९५ नंतर सरकारनं १ रुपयात झुणका भाकर सुरू केली तेव्हा, सोलापूरला. इथं कार्डावर एका भाकरीला ३५ रुपये. किलोभर पिठात आठ-नऊ भाकरी होतात, म्हणजे किलोचे तीनशे. त्या साली माझी ज्वारी अठ्ठावीसनं गेली होती. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो तेवढ्यात भाकरी आली, वर लोण्याचा गोळा. मालकिणीनं लोणी बाजूला सारलं, कड मोडली, बोटात चुरगाळली.

"आधण घातलंय. पिठाची विरी गेलीय," ती मला म्हणाली.

वाढणारा पोरगा आमच्याकडलाच निघाला, सांगोल्याचा. हसून म्हणाला, "आजी, बरुबर वळखलं. घरी तुमीच करता जणू?"

माझ्या पोटात गोळा आला. सून, थोरला, सूनबाईची आई, सगळे टेबलाला. त्यांना आम्ही सांगितलं होतं, बाई येते भाकरीला.

मालकिणीनं उजवा हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसंल असा. "माझा हात गेलाय," ती म्हणाली. "आमच्यात ह्ये करत्यात."

थोरला माझ्याकडं बघत राहिला. मी पाण्याचा पेला उचलला. सून म्हणाली, "मामा, उद्या घरी करून दाखवा की." घरातली काठवट पुण्यात कुठली? दुसऱ्या दिवशी स्टीलच्या परातीत, त्या काळ्या गुळगुळीत तव्यावर मी भाकरी टाकली. पाण्याचा हात फिरवला तर पाणी मोत्यासारखं पळायला लागलं. पहिल्या तिन्ही बिघडल्या. चौथी फुगली. नातू म्हणाला, "आजोबा, फुगा!" थोरल्यानं ती उचलून अर्धी आईच्या ताटात टाकली.

तिनं ती पुरी खाल्ली. मग हात धुताना म्हणाली, "कड अजून जाड ऱ्हाती तुमची."