चिरंजीवांचा खडा

मुलगा लहान असताना आजारी पडला तर घराचे कायदे सोपे असतात. आमचे चिरंजीव सहा वर्षांचे असताना महाबळेश्वरला निघायच्या आदल्या दिवशी त्यांना गोवर आला. मी बांधलेला बिस्तरा सोडला, हिने कडुनिंबाचा पाला आणला, आणि सहल रद्द. चिरंजीवांचे मत कोणी विचारले नाही. तेच चिरंजीव एकतिसाव्या वर्षी आजारी पडले म्हणजे मात्र सारेच अवघड होऊन बसते. डॉक्टर आपल्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलतात, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही तेच करतात, आणि आपण मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहायचे. वर तेच आपल्याला सांगणार, "बाबा, तुम्ही घरी जाऊन झोपा बघू."

आमच्या घरचा हा खोळंबा तीन वर्षे चालला होता, आणि त्यात अडकून पडली होती माझी आई.

आईचे माहेर जबलपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते; त्यामुळे नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी घरे पुष्कळ. आजोबा तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होते आणि राइट टाउनमध्ये त्यांचे बिऱ्हाड होते. दर कोजागिरीला ते सगळ्यांना भेडाघाटला नेत. नर्मदेच्या दोन्ही अंगांना संगमरवराचे शंभरेक फूट उंच कडे, वर पूर्ण चंद्र, आणि पितळेच्या डब्यातले केशरी दूध. १९६१ साली लग्न होऊन आई मुंबईला आली ती पुन्हा कोजागिरीला काही तिकडे गेली नाही. आधी आम्ही लहान, मग आमच्या शाळा, मग वडिलांचे आजारपण. मी निवृत्त झालो त्या दिवशी ती एवढेच म्हणाली, "आता तुला रजेचा अर्ज नको ना करायला?"

तेव्हा २०२२ सालची, म्हणजे ९ ऑक्टोबरची, कोजागिरी ठरली. आई ब्याऐंशीची. महानगरी एक्सप्रेसची चार तिकिटे काढली. (ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाल्याचे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मी म्हातारी व्हायला जरा उशीरच केला.") निघायला दोन दिवस असताना रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात धप्पकन आवाज झाला. पाहतो तो चिरंजीव फरशीवर पाय पोटाशी घेऊन तळमळताहेत. कळ पाठीतून उठायची आणि जांघेकडे उतरायची. मुतखडा! आठ मिलिमीटरचा, मूत्रपिंडातून निघून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत मध्येच अडकलेला. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात म्हणे. हा काही हलेना. शेवटी दुर्बीण आणि लेसर. खडा फोडून नळीत एक बारीक स्टेंट ठेवला. त्याची दोन्ही टोके इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली असतात, म्हणून त्याला डीजे म्हणतात. आमच्याकडे डीजे बसवला आहे हे ऐकून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार करायला वर आले होते.

मुतखडा हा असा आजार आहे की त्यावर प्रत्येकाजवळ औषध असते. आईने कुळथाचे कढण सुरू केले. शेजारच्या काकूंनी पानफुटीची कुंडीच आणून दिली. चिरंजीवांच्या कचेरीतल्या मित्राने बियर सुचवली आणि ती सूचना तेवढी त्यांना शास्त्रीय वाटली. टोमॅटो गेले, पालक गेला. खड्यात कॅल्शियम असते म्हणून हिने दूधही बंद केले. डॉक्टर हसले. दूध तोडू नका म्हणाले. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते. ते कमी पडले तर ऑक्झलेट जास्त शोषले जाते आणि खडे उलट वाढतात. मीठ कमी करा, आणि दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. एवढे साधे औषध. पण वातानुकूलित खोलीत दहा तास यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाला तहान लागते कुठे?

२०२३ ची कोजागिरी २८ ऑक्टोबरला आली आणि नेमके त्याच रात्री चंद्रग्रहण. आईने स्वतःच नको म्हटले. मग त्रिपुरी पौर्णिमा धरली; तर आठवडाभर आधी चिरंजीवांची उजवी बाजू बोलू लागली. आधीची डावी होती. तिकिटे परत केली. आई म्हणाली, "जाऊ पुढच्या वर्षी." पण त्या उन्हाळ्यात ती न्हाणीघरात पडली होती आणि चार पायांची काठी घेऊन चालत होती.

२०२४ ची कोजागिरी १६ ऑक्टोबरला. पाच दिवस आधी चिरंजीव कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभे राहिले. मी काहीच विचारले नाही. या खेपेचा खडा चार मिलिमीटरचा, अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला. पडेल, डॉक्टर म्हणाले. पाणी प्या, लघवी गाळून पाहा, सापडला तर तपासायला आणा. मात्र तो पडेपर्यंत लांबचा प्रवास नको. आणि ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, तडक या. अडलेल्या मूत्रमार्गात जंतूंचा शिरकाव झाला तर जिवावर बेतते.

संध्याकाळी दिवाणखान्यात सभा भरली. चिरंजीव म्हणाले, "तुम्ही तिघे जा. मी काय लहान आहे?"

"लहान नाहीस, ठाऊक आहे," ही म्हणाली. "पण ताप रात्री दोन वाजता आला तर रिक्षा कोण आणणार?"

मी सवयीने म्हणालो, "असे करू, पुढच्या वर्षी..."

आई कोपऱ्यात वाती वळत होती. मान वर न करता तिने विचारले, "कुणाच्या पुढच्या वर्षी?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. चौतिशीतल्या माणसाला पुढची वर्षे ढीगभर असतात. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती अशी उधारीवर मिळत नाहीत.

दोन तिकिटे रद्द झाली, दोन राहिली. हिने आईची पिशवी भरली, गोळ्यांच्या पुड्यांवर 'सकाळ', 'रात्र' असे लिहिले, दशम्या केल्या. पण माझ्याशी दोन दिवस कामापुरतेच बोलली. मुलगा आजारी असताना बाप सहलीला गेला, असे लोक म्हणतील, ही तिची एक बोच. आणि रुग्णालयात धावायची वेळ आली तर एकटी पडेन ही दुसरी, जास्त खरी. तिचे चुकत होते असे मला वाटत नाही. आईचेही चुकत नव्हते. घरात कोणाचेच चुकत नसते तेव्हा फार अवघडल्यासारखे होते. कल्याणच्या फलाटावर मध्यरात्रीनंतर गाडी आली. चिरंजीव हट्टाने पोचवायला आले होते, एका हातात आजीची काठी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन.

राइट टाउनमध्ये घराच्या जागी चार मजली इमारत होती. आईने मिनिटभर पाहिले आणि म्हणाली, "चल." भेडाघाटला पायऱ्या उतरणे तिला जमण्यासारखे नव्हते, म्हणून नावेचा विचार सोडला आणि वरच्याच पायरीवर शाल पसरून बसलो. चंद्र वर आला तसे घळीच्या तोंडाशी कडे आधी करडे, मग हळूहळू दुधासारखे दिसू लागले. आईने थर्मासच्या झाकणात दूध ओतले, चंद्राला दाखवले आणि एक घोट घेऊन म्हणाली, "साखर कमी आहे." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मी खिशातल्या फोनवर हात ठेवून होतो.

साडेनऊला तो वाजला. हीच होती.

"पडला."

"कोण? कुठे पडला?"

"खडा हो! माझ्या चहाच्या गाळण्यात!" एवढे म्हणून ती हसायला लागली, आणि मग मला कळले की ती रडते आहे. "ताप नाही. जेवला. येताना एक गाळणे घेऊन या."

घरी परतलो तेव्हा चिरंजीवांनी तो खडा कुंकवाच्या करंड्यात कापसावर ठेवला होता. पुढे तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. पण त्या दिवशी तो नुसता एक तपकिरी, काटेरी कण होता. आईने चष्मा चढवला, करंडा उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला.

"एवढासाच?" ती म्हणाली. "ह्याने माझ्या दोन कोजागिऱ्या खाल्ल्या."

"एकच, आजी. दुसरी ग्रहणाने खाल्ली."

"वाद घालू नकोस," आई म्हणाली. "पाणी पी."