अँकरेजमधला एक दिवस आणि आपला बिबट्या

गेल्या जूनमध्ये अलास्कातल्या अँकरेज शहरात एकच दिवस मिळाला. लोकांनी विचारलं, काय पाहिलंस? खरं सांगू, सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते कचऱ्याचे डबे!

सकाळी शिप क्रीकवर गेलो. रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ, भर शहरात लोक कमरेइतके बूट चढवून सामन मासे पकडत होते. मग सायकल भाड्याने घेतली आणि समुद्राकाठच्या टोनी नोल्स ट्रेलवर निघालो. सुमारे 18 किलोमीटरची वाट. वाटेत 'अर्थक्वेक पार्क' लागतं. 27 मार्च 1964 ला इथे 9.2 तीव्रतेचा भूकंप झाला, साडेचार मिनिटं जमीन हलत होती. टर्नअगेन हाइट्स नावाची वस्ती सरकत समुद्राकडे गेली. पुढे तिथल्या काही भागात पुन्हा घरं झाली, पण काही जमीन मोकळी ठेवून बाग केली. खचलेली, उंचसखल जमीन झाडीत अजून दिसते.

पुढे रस्त्यात मूसची मादी आणि पिल्लू. मूस म्हणजे आपल्या सांबरापेक्षा कितीतरी मोठं हरीण. सगळे सायकलवाले उतरून लांब थांबले. वीसेक मिनिटं. ना घंटी, ना आरडाओरडा, ना सेल्फी. ती गेली, मग माणसं गेली.

या शहराची वस्ती तीन लाखांच्या आत. शेजारी 1970 साली राखलेलं चुगाच स्टेट पार्क, जवळपास 2000 चौरस किलोमीटर. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान 104 चौरस किलोमीटर, आणि भोवती कोटीभर माणसं. त्यामुळे 'त्यांच्यासारखं करा' म्हणणं सोपं आहे. तेवढी जागा आपण कुठून आणणार?

पण डब्यांना जागा लागत नाही. तिथे अस्वलं कचऱ्याला चटावू नयेत म्हणून डबा आदल्या रात्री नाही, गाडी यायच्या दिवशी सकाळी बाहेर ठेवायचा. मूसला, अस्वलाला खायला घालणं कायद्याने गुन्हा. अन्न-कचरा उघडा टाकून प्राणी ओढवून घेतले तरी दंड.

आता आपल्याकडे बघा. येऊर, आरे, मुलुंड, बोरिवली. उघडा कचरा, त्यावर भटकी कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. मग पोर अंगणात खेळायला घाबरतं आणि आपण ओरडतो, पिंजरा लावा! पिंजऱ्याने एक बिबट्या जातो हो, कचरा तिथेच राहतो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो. याची सगळ्यात मोठी किंमत कोण मोजतं? पाड्यावरचा, ज्याच्या घरात संडास नाही, रस्त्यावर दिवा नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी मत मागायला दारात आलं, तर पिंजऱ्याचं विचारू नका. विचारा, जंगलाच्या कडेचा कचरा रोज किती वाजता उचलणार? आणि पाड्यावर दिवा कधी लागणार?