शोस्ताकोविच आणि चित्रपटगृहातला पियानो

दिमित्री शोस्ताकोविचचा जन्म २५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. पियानोचे पहिले धडे त्याला आईकडूनच, नवव्या वर्षाच्या सुमारास मिळाले. १९१९ मध्ये तो पेत्रोग्राद कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. पियानोसाठी लिओनिद निकोलायेव्ह आणि संगीतरचनेसाठी माक्सिमिलियान श्टाइनबर्ग हे त्याचे गुरू. यादवी युद्धाचा तो काळ. वर्ग गारठलेले, शिधा अपुरा. संस्थेचे संचालक, ज्येष्ठ संगीतकार अलेक्सांद्र ग्लाझुनोव्ह यांनी या मुलाच्या शिध्यासाठी शब्द टाकला. त्याचं संगीत त्यांच्या पठडीतलं नव्हतं, तरीही टाकला. त्यांचा हा मोठेपणा विसरता येत नाही.

१९२२ मध्ये वडील गेले. आईने नोकरी धरली. पुढच्याच वर्षी मुलाला क्षयाने गाठलं. शस्त्रक्रिया झाली आणि मानेला पट्टी बांधलेली असतानाच त्याने पियानोची अंतिम परीक्षा दिली. त्यानंतर हवापालटासाठी क्रिमियाला जाणं झालं आणि पहिली पियानो त्रयी त्याच वर्षी लिहिली गेली.

घरखर्चाला हातभार म्हणून त्याने लेनिनग्राडच्या चित्रपटगृहांत मूकपटांना पियानोची साथ करायला सुरुवात केली. या कामाचा त्याला उबग आला होता आणि चरित्रांत त्याची नोंद बहुधा हालअपेष्टांच्या यादीत होते. माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते अनुभवातून आलेलं आहे. पुण्यात एका खासगी खेळात मी चॅप्लिनच्या मूकपटाला पियानोवर साथ केली होती. नजर पडद्यावर खिळलेली, त्यामुळे पट्ट्यांकडे बघायची सोय नाही. हातांनी अंदाजाने उड्या घ्यायच्या. पाठलाग रंगात आलेला असतो आणि दृश्य एकदम बदलतं. सूर अर्ध्यावर सोडायचा, भाव बदलायचा, तोही श्रोत्याला खाच न जाणवू देता. खेळ संपला तेव्हा माझी मनगटं भरून आली होती. हे रोज, पोटासाठी करणाऱ्या अशक्त मुलाचे कष्ट त्या संध्याकाळी उमगले. त्या कष्टांतून हाताला काय वळण लागत असेल, तेही कळलं.

त्याची पहिली सिंफनी, एफ मायनर, ऐकताना ते वळण जाणवतं. १९२५ मध्ये पदवीसाठी पूर्ण केलेल्या या रचनेत पियानो वाद्यवृंदाच्या आत बसलेला आहे. दुसऱ्या भागात तो भरधाव सरकतो, आणि त्याच भागाच्या शेवटाकडे ए मायनरचे तीन दणदणीत स्वरसंघात एकट्याने वाजवून धावत्या वाद्यवृंदाला जागच्या जागी थांबवतो. पडद्यावरचं दृश्य कापावं तसा हा घाव आहे. १२ मे १९२६ रोजी निकोलाय माल्को यांच्या संचालनाखाली लेनिनग्राड फिलहार्मोनिकने ती पहिल्यांदा सादर केली, तेव्हा श्रोत्यांनी हाच भाग पुन्हा वाजवायला लावला. रचनाकार तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे ब्रूनो वाल्टर यांनी ती बर्लिनमध्ये आणि लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी १९२८ मध्ये फिलाडेल्फियात सादर केली.

तरीही वादक व्हावं की रचनाकार, हा प्रश्न सुटलेला नव्हता. जानेवारी १९२७ मध्ये वॉर्सातल्या पहिल्या शोपँ स्पर्धेत तो आंत्रपुच्छाच्या दुखण्यासह उतरला. पहिलं पारितोषिक त्याच्याच देशाच्या लेव्ह ओबोरिनला मिळालं. शोस्ताकोविचच्या वाट्याला केवळ मानपत्र आलं. त्याच वर्षी ऑक्टोबर क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी दुसरी सिंफनी तयार झाली आणि ‘नाक’ या ऑपेराचं लेखनही सुरू झालं. इतरांच्या रचना मैफलीत वाजवणं त्याने हळूहळू सोडलं. १९३३ मध्ये त्याचा पहिला पियानो कॉन्चेर्तो लेनिनग्राडमध्ये सादर झाला. पियानोच्या जोडीला ट्रंपेट आणि तंतुवाद्यं, एवढाच ताफा. पियानोवर तो स्वतः बसला होता.