जमिनीखालचा हिवाळा

विहीर म्हटलं की आपल्याला कठडा आठवतो, रहाट आठवतो, आत वाकून मारलेली हाक आठवते. मिनेसोटाच्या उत्तरेला, डुलुथच्या बाहेर, आमची विहीर म्हणजे बर्फातून हातभर वर आलेला एक लोखंडी पाइप आणि त्यावर घट्ट टोपण. खरं तर बोअरच. पंप खोल पाण्यात बुडालेला, त्यामुळे आवाजसुद्धा नाही. पाहुण्याला दाखवावं असं तिच्यात काही नाही. तरी थंडी सुरू झाली की माझं अर्धं लक्ष तिच्याकडे असतं.

पाणी त्या तोंडापर्यंत येतच नाही. आलं असतं तर गोठलंच असतं. जमिनीत बरंच खाली केसिंगला एक आडवा जोड असतो. तिथूनच पाणी वळतं आणि अंधारातल्या अंधारात तळघरात शिरतं. या भागात घराचा पाया निदान ५ फूट खाली न्यावा लागतो, कारण थंडी तेवढी उतरते असं धरलेलं आहे. पाण्याचा पाइप त्याहून खोल. त्या खोलीवर उन्हाळा-हिवाळ्याचे झोके पोचेनासे होतात. उरते ती साधारण वर्षाची सरासरी. गावाकडे माघातल्या पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागायचं ते याच कारणाने. इथली सरासरीच मुळात चार-पाच अंशांची, त्यामुळे बोटं बधिर होतात. पण बाहेर उणे तीस असताना हेही ऊबदारच म्हणायचं.

खरी काळजी घरातल्या पाइपांची. स्वयंपाकघरातलं सिंक उत्तरेच्या भिंतीला आहे (घर बांधणाऱ्याला खिडकीतून झाडं दिसायला हवी होती, दुसरं काय!). कडाक्याच्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं सताड उघडी ठेवायची, म्हणजे खोलीची ऊब आत जाते. आणि नळाची बारीक धार सोडून द्यायची. गोठताना पाणी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. पण पाइप बहुधा बर्फ झालेल्या जागी फुटत नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी कोंडलं जातं त्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तिथे फाटतो. धार चालू असली की त्या दाबाला वाट मिळते. पुण्याहून आईला फोनवर ती धार ऐकू येते. "अरे, नळ गळतोय तुझा, वायसर बदल की!" ठरावीक वेळेला येणाऱ्या पाण्यावर जिने संसार केला, तिला मुद्दाम नळ सोडून झोपणं पटावं कसं?

अंगण लख्ख ठेवायची सवयही इथे कामाची नाही. भुसभुशीत बर्फ ही जमिनीची गोधडी. पाइप जिथून जातो तिथला बर्फ काढायचा नाही, त्यावरून चालायचं नाही, गाडी तर मुळीच न्यायची नाही. दबलेल्या बर्फातून थंडी खाली सरकते. बर्फ उशिरा पडणारं वर्ष म्हणून सगळ्यांत वाईट. तेव्हा आम्ही गवताच्या पेंढ्या आणून त्या पट्ट्यावर पसरतो.

आणि फसवा महिना मार्चचा. डोक्यावर ऊन, छपरावरून पागोळ्या, लोक कोट उघडे टाकून हिंडतात; जानेवारीत जमिनीत शिरलेली थंडी मात्र अजून खालीच निघालेली असते. माती सावकाश गार होते आणि वरच्या हवामानाची खबर तिला उशिरा लागते. पुष्कळ घरांचं पाणी बंद पडतं ते याच दिवसांत. घरातला पाइप गोठला तर आधी नळ उघडायचा, मग नळाच्या बाजूने केस वाळवायच्या यंत्राचा वारा देत मागे मागे सरकायचं. ज्योत लावायची नाही. तशा घाईने घरं जळालेली आहेत.

शेजारचे म्हातारबाबा मे लागल्याशिवाय पेंढ्यांना हात लावू देत नाहीत. जूनमध्ये त्याच पेंढ्या, आता कुजकट आणि काळपट, टोमॅटोच्या आळ्यांत जातात.