उभं राहायला शिकवणारे सर

माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांविषयी मी आजवर काही लिहिलं नाही. आपल्याविषयी चारचौघांत बोललेलं त्यांना आवडत नाही, म्हणून इथंही त्यांचं नाव देत नाही. पण लातूरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते, आणि कागद हातात देण्याआधी मुलांना मोकळ्या जमिनीवर चालायला, वाकायला, तोल सांभाळायला लावते, ते सगळं सरांकडून आलेलं आहे. त्याची नोंद कुठं तरी राहावी, एवढ्यासाठी हे लिहिते.

मी देगलूरची. आमच्या काळी चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, या दोन परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. कला संचालनालयाच्या या परीक्षा खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात रंगाचा ब्रश देतात, हा त्यांचा मोठा उपकार. तरी मला वाटायचं, चित्र म्हणजे समोरच्या चित्राची हुबेहूब नक्कल. स्मरणचित्रात पाणी भरणाऱ्या बायका काढायच्या म्हटलं की मी एक ठरलेली बाई पाठ करून ठेवलेली असे. सरळ पाठ, डोक्यावर घागर, एक हात वर. परीक्षेत ती बाई चालूनही जायची. माणूस बघून काढायचा असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

देगलूरपासून थोड्या अंतरावर होट्टल आहे. तिथं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली मंदिरं आहेत, त्यांतलं सिद्धेश्वराचं मंदिर मोठं. आज त्याचं जतन झालं आहे, होट्टल महोत्सवाला तिथं दूरदूरची माणसं येतात. आम्ही गेलो तेव्हा सगळी पडझड होती, दगड इकडंतिकडं विखुरलेले होते. सरांनी आम्हा मुलामुलींना बाहेरच्या भिंतींवर कोरलेल्या सुरसुंदरींसमोर नेलं. मी लगेच वही उघडून चेहऱ्यापासून सुरुवात केली. सर मागून आले आणि म्हणाले, "चित्र नंतर काढ बाळ. आधी तिच्यासारखी उभी राहून बघ."

मला कसंतरीच झालं. बरोबरची मुलं बघत होती. पण सर स्वतःच आधी तसे उभे राहिले, अगदी गंभीरपणे, तेव्हा कुणी हसलं नाही. मग मीही राहिले. सर विचारत गेले. वजन कुठल्या पायावर आलं? त्या बाजूची कंबर वर गेली की खाली? मग खांदा कुठं गेला? मान त्याच बाजूला ठेवली तर काय होतं? मान त्याच बाजूला ठेवली तेव्हा माझा तोल गेला. उलट बाजूला कलवली आणि शरीर जागेवर आलं. गुडघा, कंबर, मान अशा तीन ठिकाणी बाक देऊन ती बाई इतक्या शतकांपासून तिथं का उभी राहू शकली, ते मला माझ्या पायातून कळलं. त्यानंतर काढलेली रेघ माझी पहिली खरी रेघ होती.

आमच्या घरात नाच हा विषय निघत नसे. गॅदरिंगमध्ये लहान मुली नाचल्या तर कौतुक होई, पण सातवी-आठवीनंतर तेही बंद. बाबा चिडणारे नव्हते, पण "आता मोठी झालीस" एवढं म्हणायचे आणि ते पुरे असायचं. सर औरंगाबादच्या शासकीय कला महाविद्यालयात शिकले होते. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात एक नर्तकी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं वाजवणाऱ्या बायका बसल्या आहेत. सरांनी विद्यार्थिदशेत त्या शिल्पाची पेन्सिलीनं काढलेली रेखाटनं बाबांना आमच्या ओसरीवर बसून दाखवली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या महाजनक जातकातली नर्तकीही दाखवली. वाद घातला नाही. "आपल्या मराठवाड्यात हे दीड हजार वर्षांपासून आहे," एवढंच म्हणाले. बाबा बराच वेळ कागद बघत बसले. मी नाच शिकले नाहीच, तशी सोयही गावात नव्हती. पण अंग हलवणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, हे त्या संध्याकाळी आमच्या घरानं मान्य केलं.

पुढं मी नांदेडला शिकायला आले. 1994 साली तिथं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि नांदेड-लातूर-परभणीची मुलं युवक महोत्सवात एकत्र येऊ लागली. एका मांडवात स्थळचित्र, पोस्टर, मातीकाम. दुसऱ्या रंगमंचावर लोकनृत्य, मूकाभिनय. मी चित्राच्या मांडवातली. माझं काम संपलं की पळत रंगमंचाकडं जायची. किनवटकडची मुलं दंडार नाच घेऊन यायची, तांड्यावरच्या मुली आरशांचे कपडे घालून फेर धरायच्या. मी नुसती बघत नव्हते, वजन कुठल्या पायावर पडतं ते बघत होते. पण या दोन मांडवांचं नातं काय, हे मला सांगता येत नव्हतं. चित्रकला शिक्षकाची पदविका करावी की सरळ बी.एड. करून इंग्रजी शिकवावं, या विचारात मी देगलूरला सरांकडं गेले.

सरांनी तेव्हा मला उदयशंकरांविषयी सांगितलं. उदयशंकर मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ते शिकले. नृत्याचं रीतसर शिक्षण नसलेला हा तरुण 1923 साली अ‍ॅना पावलोव्हाबरोबर रंगमंचावर उभा राहिला. पुढं अ‍ॅलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीबरोबर ते शिल्पं आणि चित्रं बघत भारतभर फिरले आणि दगडातल्या, रंगातल्या शरीरांवरून त्यांनी स्वतःचं नृत्य उभारलं. अल्मोड्याला त्यांनी कलाकेंद्र काढलं. तिथं कथकली, भरतनाट्यम, मणिपुरीचे गुरू होते, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते, आणि मुलांनी आपलं आपण सुचेल तशी हालचाल करण्याचे तासही होते. आपला गुरुदत्त तिथलाच विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पैशाअभावी ते केंद्र काही वर्षांतच बंद पडलं. पण त्यांनी 'लेबर अँड मशिनरी' या रचनेत कामगार आणि यंत्रं रंगमंचावर आणली होती. सर म्हणाले, "देवादिकांचाच नाच होतो असं नाही. कष्टाचाही होतो. ते बघायला शिकव मुलांना. इंग्रजी शिकवणारे पुष्कळ मिळतील." मी पदविकेला नाव घातलं.

नोकरी लातूरला लागली. लातूरचं सगळं वेळापत्रक तेव्हा गुणवत्ता यादीभोवती फिरायचं. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्ननं आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या हजारो मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याला नाव ठेवणार नाही. पण चित्रकलेचा तास गणिताला दिला जायचा आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटपुरती मुलं माझ्याकडं यायची. मीही मग परीक्षेपुरतं शिकवू लागले. वर्षामागून वर्षं गेली. मी स्वतः पाठ केलेली ती सरळ पाठीची घागरवाली बाई आता माझ्या विद्यार्थ्यांच्या कागदांवर दिसायला लागली होती. ते मला दिसत होतं, पण त्यावर काय करावं ते सुचत नव्हतं.

मग 2016 चा उन्हाळा आला. लातूरकरांना तो सांगावा लागत नाही. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. मुलं पहाटे नंबर लावून कळशा भरायची आणि मग शाळेत यायची. डोळे तारवटलेले, हात भरून आलेले. एका तासाला मी स्मरणचित्राचा विषय दिला, पाण्याची रांग. वर्गातली जवळजवळ सगळी मुलं रांगेत उभी राहून आली होती, तरी कागदावर बायका सरळ पाठीच्या. त्याच संध्याकाळी मी सरांना फोन केला. ते निवृत्त झाले होते, गुडघे दुखत होते. तरी दोन दिवसांनी ते एसटीनं लातूरला आले.

वर्गातली बाकं आम्ही भिंतीला लावली. सरांनी मुलांना रिकाम्या कळशा आणायला सांगितल्या, मग त्याही बाजूला ठेवायला लावल्या. "आता भरलेली कळशी उचला." एक मुलगा म्हणाला, "सर, कळशीच नाही, उचलायचं कसं?" त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "आरं, हाताला म्हाईत हाय की!" आणि तिनं उचलली. कंबर एका बाजूला गेली, मोकळा हात लांब झाला, मान ताठ झाली. सर म्हणाले, "बघा, वजन कुठं आहे तिचं." मग एकेक जण उठला. कुणी ड्रम कलता करून गोल फिरवत नेला, कुणी हंडा दुसऱ्याच्या हातात दिला, रांग पुढं सरकली, थांबली, पुन्हा सरकली. कुणी धक्का दिला, कुणाचं पाणी सांडलं आणि सगळी मुलं एकाच वेळी जमिनीकडं बघायला लागली. संगीत नव्हतं, शब्द नव्हते. त्याला काय म्हणायचं ते मुलांना माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलंही नाही. त्यानंतर सरांनी कोळसा आणि मोठे कागद वाटले. त्या दिवशीच्या चित्रांतल्या बायकांच्या पाठी वाकलेल्या होत्या. चेहरे नव्हते बहुतेकांना, पण प्रत्येकीच्या अंगात वजन होतं.

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला ऐकू येत नसे. वर्गात ती कायम मागच्या बाकावर. रांगेच्या त्या खेळात सगळ्यांत आधी हालचाल ओळखायची तीच, कारण ती सगळ्यांकडं बघत असायची. पुढं मुलं तिच्याकडं बघून थांबायची आणि निघायची. तिच्यामुळं मी अस्ताद देबूंचं काम शोधून वाचलं आणि ध्वनिचित्रफितींवर पाहिलं. नवसारीत जन्मलेला, आधी कथक, मग लंडन-न्यूयॉर्कमध्ये आधुनिक नृत्य आणि परतल्यावर कथकली शिकलेला हा नर्तक कोलकात्यात आणि चेन्नईत कर्णबधिर तरुण-तरुणींबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिला. त्यातून घडलेले नर्तक देशोदेशींच्या रंगमंचांवर उभे राहिले. 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2020 च्या डिसेंबरात ते गेले. त्याच शोधात चंद्रलेखा भेटल्या, आपल्या महाराष्ट्रातल्या वाड्याला जन्मलेल्या. त्यांनी भरतनाट्यम, योग आणि कलारीपयट्टू एकत्र आणून 1985 साली 'अंगिका' रचलं, आणि स्त्रियांच्या चळवळीसाठी पोस्टरंही केली. चित्र काढणारा हात आणि नाचणारं शरीर एकाच माणसाचं असू शकतं, याचं चंद्रलेखा हे मोठं उदाहरण. सरांनी यांतलं कुणालाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. होट्टलच्या भिंतीपाशी उभं राहून ते स्वतःच तिथपर्यंत पोचले होते.

सरांचं ऋण मला फेडता येणार नाही. त्यांना ते फेडून घ्यायचंही नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वर्गातली बाकं अधूनमधून भिंतीला लावत जा." तेवढं मी करते. आता माझ्या शाळेतल्या दोन तरुण शिक्षिकाही करतात.

पण एका वर्गातली बाकं हलवून सगळं होत नाही. दिल्लीला 1956 मध्ये राष्ट्रीय बालभवन सुरू झालं, मुंबईला चर्नी रोडजवळ बालभवन आहे, दादरच्या छबिलदास शाळेत सुलभा देशपांड्यांनी 'चंद्रशाळा' या बालरंगभूमीतून मुलांना नाट्य आणि नृत्य दिलं. आमच्या नांदेड-लातूरच्या तालुक्यांत शाळकरी मुलाला चित्र आणि नृत्य एका छताखाली मिळेल अशी जागा शोधावी लागते. शिक्षण हक्क कायद्यानं शंभरहून जास्त मुलांच्या उच्च प्राथमिक शाळेला कलेचा अंशकालीन निदेशक देऊ केला आहे. 2015 पासून माध्यमिक शाळांसाठी कला उत्सव होतो, 2020 च्या शैक्षणिक धोरणात कला सर्व विषयांत मिसळायला सांगितली आहे. कागदावरचं हे सगळं उतरायला प्रत्येक तालुक्याला एक खोली हवी. स्वच्छ फरशी, चित्रं लावायला एक मोकळी भिंत, कोळसा, कागद, माती आणि आठवड्यातून एकदा येणारे दोन शिक्षक, एक चित्राचा आणि एक नृत्याचा. तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी ती आळीपाळीनं वापरावी.

ज्या शिक्षण संस्थांकडं रिकामी सभागृहं आहेत, त्यांनी शनिवारची एक सकाळ तरी मुलांना द्यावी, ही माझी हात जोडून विनंती आहे. आणि ज्या पालकांची मुलगी घरात उगीच हातपाय हलवताना, भिंतीवर रेघा ओढताना दिसते, त्यांनी तिला थांबवू नये. ती शिकते आहे.